अंतर्वेश

रानात जायचं असेल, तर माणसाला स्वतःचा बराचसा भाग वेशीवर ठेवून जावं लागे. चपला, कपडे, घड्याळ हे तर होतंच. पण ठेवून जायची खरी गोष्ट डोळ्यांना दिसणारी नव्हती. घाटातला रस्ता जिथे संपून लाल पायवाट सुरू होई, तिथे उंबरकोंड गावाच्या वेशीवर एक बुटकी दगडी इमारत होती. पाहुणे काही दिवस तिथे राहत, फिक्या चवीचं पेय पीत, पालापाचोळ्याच्या वाफेत बसत आणि मग मागच्या दाराने रानात उतरत. पुढच्या दाराने आत आलेला माणूस आणि मागच्या दाराने बाहेर पडलेला माणूस एकच नसतो, असं गावकरी थट्टेने म्हणत. त्या थट्टेत बरंचसं शास्त्र होतं.

सह्याद्रीतलं हे अस्पर्श वन दोन पिढ्या माणसांना बंद होतं. पूर्वी लोक इथे हौसेने यायचे. शहाणी माणसं होती ती; झाडं मोडत नसत, कचरा टाकत नसत. तरीही आधी बेडूक मरू लागले, मग झऱ्याकाठचे नेचे करपले, आणि शेवटी रानाचा आवाजच बंद झाला. दोष माणसांच्या वागण्यात नव्हता, त्यांच्या अंगात होता, हे कळायला फार उशीर झाला. आपल्या त्वचेवर, तोंडात, आतड्यांत लाखो कोटी सूक्ष्मजीव राहतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच तेही. शास्त्रज्ञ त्यांना सूक्ष्मसहवासी म्हणत, लोक नुसतंच सहवासी. म्हणजे माणूस चालतो तेव्हा एकटा कधीच चालत नाही, अख्खी वस्ती बरोबर घेऊन चालतो. शहरातली ती वस्ती रानात सांडली की तिथल्या वस्तीशी तिचं जमत नाही.

यावर डॉ. नफीसा मुकादम या बाईंनी जो उपाय शोधला, तो ऐकायला साधा होता: वस्तीच बदलायची. पाहुण्याचे सहवासी काढून घ्यायचे, गोठवून एका कुपीत जपून ठेवायचे, आणि रानातल्या मातीपाण्यातून वाढवलेले सहवासी त्याच्या अंगी रुजवायचे. बाहेरचे कपडे बदलतात तसा हा आतला पोशाख. बाईंनी त्याला अंतर्वेश असं नाव दिलं. कुपीत राही ती ठेव. परत येताना पाहुणा आपली ठेव मागून घेई आणि पूर्वीचा होऊन घरी जाई.

दिगंबर तेंडोलकर आपल्या बायकोला, हेमांगीला घेऊन त्या इमारतीच्या दारात उभा राहिला तेव्हा रान बघण्याची हौस दोघांनाही नव्हती. हेमांगीला डॉक्टरांनी पाठवलं होतं.

तेंडोलकरांचं घर कर्ली खाडीच्या काठावर होतं. दिगंबर उन्हावर चालणाऱ्या बोटीतून पर्यटकांना कांदळवनात फिरवून आणी. बोटीला आवाज नव्हता, त्यामुळे बगळेसुद्धा उडत नसत. हेमांगी घरच्या दोन खोल्यांत पाहुण्यांची सोय बघे, आणि तिच्या हातची तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी खायला लोक पुन्हा पुन्हा येत. विमानं बहुतेक बंद झाली होती. लांबच्या देशांत भटकणं पृथ्वीला परवडेनासं झालं होतं. त्यामुळे प्रवासाचे दोनच प्रकार उरले होते. एक असा जवळचा, हलक्या पावलाचा. दुसरा फार लांबचा, ज्याचा धूर पृथ्वीवर राहत नव्हता: शनीच्या कड्यांची यात्रा.

त्यांची एकुलती एक मुलगी शाल्मली तशा यात्रेच्या यानावर वाटाड्या म्हणून गेली होती. लहानपणी बापाच्या बोटीत पुढे उभी राहून ती पर्यटकांना खेकड्यांची बिळं दाखवायची. आता ती कड्यांमधले बर्फाचे डोंगर दाखवणार होती. जायला चार वर्षं, यायला चार, आणि मधे तिथला मुक्काम. निघताना ती हसत होती, आणि हेमांगीही हसत होती.

पहिलं वर्ष बरं गेलं. दर रविवारी शाल्मलीचा निरोप येई, भिंतीवरच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसे. यान जसजसं दूर गेलं तसं प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर वाढत गेलं. मिनिटांचं झालं, मग तासाच्या वर गेलं. बोलणं संपलं, नुसते निरोप उरले. हेमांगी एकच निरोप आठवडाभर लावून बघायची. मग तिची भूक गेली. झोप गेली. स्वयंपाकघरात भांडं हातात घेऊन ती तशीच उभी राही. एका संध्याकाळी दिगंबर बोट घेऊन परतला तर ती खाडीत छातीभर पाण्यात उभी होती. तो घाबरून धावला. ती शांतपणे म्हणाली की जीव द्यायचा नव्हता, इथून आकाश जास्त दिसतं, म्हणून आले. औषधं झाली, सल्ले झाले. शेवटी सावंतवाडीच्या एका डॉक्टरांनी सुचवलं, महिनाभर अस्पर्श वनात जाऊन राहू द्या, तिथून आलेली माणसं निवांत दिसतात. का दिसतात हे त्यांनाही सांगता आलं नाही.

हेमांगी गेली, आणि रानाने तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा सांगितलं ते हेच. इतकी वर्षं जिथे जाऊ तिथे आपल्यामुळे काहीतरी हलतं, कुणीतरी उडतं, कुणीतरी लपतं. तिथे काहीच हललं नाही. ती झऱ्याशी बसली की बेडूक तिच्या तळहातावर चढून बसत, जणू तो एक दगड. गव्यांचा कळप तिच्या अगदी जवळून चरत गेला आणि एकानेही मान वर केली नाही. जळवा पायावरून जात आणि चावत नसत. सकाळी धुकं इतकं दाट असे की स्वतःचे हातही दिसत नसत, आणि तिला वाटे, नसतीलच. कळकाच्या मचाणावर ती दुपारभर झोपे. पावसाळा सरून गेला होता, पण पानांवरून पाणी ठिबकायचं थांबलं नव्हतं, आणि त्या ठिबकण्यात वेळ कुठून सुरू झाला नि कुठे संपला ते कळत नसे. शालूची आठवण येई, ती म्हणाली. पान पडतं तशी येई आणि पडून राही.

महिना संपल्यावर तिने ठेव परत घेतली नाही. ती घेतलीच पाहिजे असा नियम नव्हता. रानातले सहवासी बाहेर कुणाला अपाय करत नव्हते. नियम होते ते रानाला माणसापासून जपण्यासाठी. आजवर प्रत्येकाने आपली ठेव घेतली ती केवळ घरचं जेवण पूर्वीसारखं लागावं म्हणून. हेमांगीने दोन-चार महिने थांबून बघू का, असं विचारलं. कुपी सहा महिने टिकते, त्यानंतर आतलं काही जिवंत राहत नाही, एवढं डॉ. मुकादम बाईंनी तिला बजावून सांगितलं.

दिगंबरला तर हवं ते सगळं मिळालं होतं. बायको जेवत होती, झोपत होती, नारळ खवताना गुणगुणत होती. तिचा रंग उजळला. तिच्या अंगाला ओल्या सालीसारखा मंद वास येई. फुलपाखरं तिच्या खांद्यावर बसत आणि ती त्यांना उडवत नसे. पाहुणे म्हणत, तुमच्या घरात आलं की कसं शांत वाटतं. दिगंबरला वाटलं, संकट टळलं.

मग एका रविवारी शाल्मलीचा निरोप आला. यान कड्यांजवळ पोचलं होतं. तिच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत एक पांढरी, न संपणारी कमान. तिथे ऊन कसं असतं ते शाल्मलीने सांगितलं: फार फिकं, पण बर्फाच्या कणाकणावर थांबणारं. पर्यटक खिडकीपाशी तासन्‌तास गप्प बसतात. "आई, मला इथे सगळं मिळतं गं," ती म्हणाली, "पण कधीकधी एकदम पोटात तुटतं. तुला तुटतं का तसं?"

निरोप संपला. दिगंबरने डोळे पुसले आणि बायकोकडे बघितलं. हेमांगीने मन लावून ऐकलं होतं. एखाद्या पाहुणीचं ऐकावं तशी. "केस वाढलेत तिचे, चांगली दिसते," असं म्हणून ती वाळत घातलेली आमसुलं उलटायला अंगणात गेली. तिने तो निरोप पुन्हा लावला नाही.

दिगंबर घाबरला तो त्यानंतर काही आठवड्यांनी, स्वतःला. बोटीवरून आला, जेवला, ओट्यावर पडला, छान झोप लागली. उठून चहा घेताना त्याला आठवलं की आज रविवार, निरोप सकाळीच येऊन पडला असणार. आणि आठवल्यावरही तो उठला नाही. बघू सावकाश, असं त्याला वाटलं. तसं वाटण्यात काही वावगं आहे हे कळायला त्याला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी बोट बांधून ठेवून तो उंबरकोंडला गेला.

नफीसा मुकादम साठीच्या घरातल्या, रत्नागिरीकडच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी त्याला समोर बसवून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हेमांगीबाई मुलीला विसरल्यात का?"

"नाही. सगळं आठवतं तिला. माझ्याहून जास्त."

"आठवण डोक्यात असते," बाई म्हणाल्या. "पण आठवण आल्यावर जे होतं, ते कुठे होतं?"

दिगंबरने नकळत पोटावर हात ठेवला.

"बरोबर. आपल्या भाषेला हे फार आधीपासून ठाऊक आहे. पोटात तुटतं, पोटात कालवतं, पोटात माया असते. आम्ही मात्र अलीकडे शिकलो." त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आतड्यांतले सहवासी नुसतं अन्न पचवत नाहीत. ते बारीकसारीक रसायनं तयार करतात, आणि पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या एका लांब मज्जातंतूवाटे त्यांचे इशारे वर पोचतात. डोकं म्हणतं, मुलगी लांब आहे. ते दुखलं पाहिजे, हे खालून कळवलं जातं. माणसं हजारो पिढ्या एकमेकांना धरून राहिली, आणि त्यांच्यात राहणारी ही वस्तीही त्यांच्या ताटातुटीला सरावली. वस्ती बदलली, की आठवण तशीच राहते आणि हुरहूर निघून जाते. "रानातल्या सहवाशांना हुरहूर माहीत नाही. पिल्लू उडून गेलं की घरटं रिकामं, इतकंच. वर्षानुवर्षं वाट बघणारं तिथे कुणी नसतं."

"आणि मला काय होतंय?"

"तुम्ही एका घरात राहता, एका पातेल्यातलं जेवता. एका छपराखालची माणसं आतून हळूहळू एक होतात. रानातले सहवासी जोमदार असतात. शिमग्यापर्यंत तुम्हीही त्यांच्यासारखे व्हाल. तुम्ही तक्रार घेऊन आलेले पहिलेच. बाकीचे हेच मागायला येतात आता. रान बघायला कमी, आणि आतलं दुखणं ठेवून जायला जास्त. मी बेडकांसाठी हे काम सुरू केलं होतं. हे होईल असं माझ्या मनातही आलं नव्हतं."

दिगंबरने विचारलं, मग हे दुखणं आहे की नाही? हेमांगीची ठेव अजून चांगली आहे आणि चैत्रापर्यंत राहील, एवढंच बाईंनी सांगितलं.

परत आल्यावर त्याने हेमांगीला बोटीत बसवून कांदळवनात नेलं. भरतीचं पाणी मुळांमध्ये शिरत होतं. बाईंनी सांगितलेलं सगळं त्याने तिला सांगितलं.

"मी शालूला विसरले नाही, दिगू," ती शेवटी म्हणाली. "तिचा पहिला दात कुठे पडला ते सांगेन मी. पण ते सगळं आता पलीकडच्या काठावर आहे. स्वच्छ दिसतं. ओढत नाही."

"आणि ती परत येईल तेव्हा?"

"तिला जेवायला वाढीन. डोक्याला तेल लावीन. मायेनं वागेन तिच्याशी."

"वागशील," दिगंबर म्हणाला.

हेमांगीने त्या शब्दावर विचार केला. ती आता कुठल्याही गोष्टीवर शांतपणे विचार करू शकत असे. "हो," ती म्हणाली. "वागेनच. त्यापेक्षा जास्त कबूल केलं तर ते खोटं होईल." मग तिने पाण्यात बोटं बुडवली. बारीक मासे येऊन बोटांभोवती थांबले. "तू म्हणालास तर ठेव परत घेते मी. पण म्हणायचं तू. मला आतून तसं वाटत नाही, आणि वाटतंय असं दाखवणार नाही."

दिगंबरने ते म्हणायचं ठरवलं. बरेच दिवस तो रोज सकाळी ठरवून उठे. तिने हसत दिलेला चहा पिताना शब्द ओठांवर येत, आणि त्याच वेळी त्याला छातीभर पाण्यातली ती दिसे, तिचे खोल गेलेले डोळे, हातातलं भांडं. यान आता कुठे परत वळणार होतं; अजून कितीतरी वर्षं होती. घे ते पुन्हा पोटात, असं तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगितलं तर? तर तोही बरा होणार होता. ते तर फारच सोपं होतं, काहीच करायचं नव्हतं. दोघं खाडीकाठी सुखात राहतील, पाहुण्यांना आमटी वाढतील, आणि एक दिवस आकाशातून एक मुलगी उतरेल, जिची या पृथ्वीवर कुणालाही पोटातून ओढ लागलेली नसेल.

हुरहूर विरत चालल्याचं त्याला जाणवत होतं. संध्याकाळी तो शाल्मलीचे जुने निरोप लावून मुद्दाम बसे. तिच्या शब्दांनी पूर्वी जिथे कळ उठायची, तिथे आता नुसता उबदार ओलावा होता. तो फार आवडण्यासारखा होता. तो आवडतोय, याचीच त्याला भीती वाटत होती.

एका सकाळी तो हेमांगीला म्हणाला, "मी नाही म्हणणार तुला, ठेव घे म्हणून. पण मला माझं जाऊ द्यायचं नाहीये. शालूने तुला विचारलं होतं, तुटतं का. कुणीतरी हो म्हणणारं राहायला हवं."

हेमांगीने मान डोलावली. तिने बहुधा हे आधीच जाणलं होतं. ती म्हणाली, उंबरकोंडला वाटाड्यांची गरज आहे. रानात नव्या पाहुण्यांना नेणारं माणूस त्यांना हवंय. ती तिथे राहील. तो घर सोडून गेला असता, पण तिने ते ऐकलं नाही.

"तू गेलास तर तुला त्रास होईल," ती म्हणाली. "मला होणार नाही. म्हणून मीच जायला हवं."

तिचं म्हणणं चोख होतं. दिगंबर त्यात चूक शोधत राहिला आणि त्याला ती सापडली नाही. इतक्या वर्षांत तिने त्याच्यासाठी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि ती करताना तिला काहीच होत नव्हतं.

जायच्या आधी तिने त्याची सगळी सोय लावली. कोकमाची बरणी कुठली, तिरफळं कशात ठेवली आहेत, पावसाआधी कुठली कौलं बदलायची, सगळं दाखवलं. स्वतःची ताटवाटी वेगळी काढली, अंथरूण-पांघरूण बरोबर घेतलं, आणि तो पुरता पूर्वीसारखा व्हावा म्हणून डॉ. मुकादम बाईंना विचारून त्याच्यासाठी एक औषध मागवून ठेवलं. चैत्राचं नाव दोघांनीही काढलं नाही.

बस तिठ्यावर येई. दिगंबर तिचं सामान घेऊन गेला. सकाळचं ऊन माडांतून रस्त्यावर पडलं होतं आणि समुद्राकडून वारा येत होता. बस दिसल्यावर हेमांगी त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा सुंदर दिसत होता, झोप पुरी झालेल्या माणसासारखा.

"शालूच्या निरोपात मी नसेन, तर तिला काय सांगशील?" तिने विचारलं.

"खरं तेच."

"सांग. तिला वाईट वाटेल. वाटू दे," हेमांगी म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

त्या क्षणी दिगंबरला तिला कवेत घ्यावंसं वाटलं, लग्नाच्या वर्षीही वाटलं नसेल इतकं. तिच्या केसांत तोंड खुपसून तो ओला, सालीसारखा वास भरून घ्यावा आणि पुढचं सगळं आपोआप हलकं होऊ द्यावं. त्याने दोन्ही हात सदऱ्याच्या खिशांत घातले. हेमांगीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. तिला समजलं. तिने हात मागे घेतला, आणि पदर सावरून बसमध्ये चढली.

बस वळणापर्यंत दिसत राहिली, मग माडांमागे गेली. दिगंबर तिथेच उभा होता. सुरुवातीला काहीच झालं नाही, आणि उशीर झाला असावा असं वाटून तो मनातून हादरला. मग बेंबीच्या जरा वर, खोलवर कुठेतरी, एक पीळ पडायला लागला. तो वाढत गेला. त्याला श्वास घेववेना, रस्त्याकडेच्या दगडावर तो मटकन बसला.

तुटत होतं. पूर्वीसारखं, नीट. तो हालचाल न करता बसून राहिला, ते ओसरू नये म्हणून.